आठचा भोंगा

गावात घड्याळ बघणारा माणूस एकच. भोंगेमामा. बाकीचं गाव भोंगा ऐकायचं.

साबणाच्या कारखान्यात मामा बॉयलरवर होते. कोळसा घालायचा, वाफ सांभाळायची, आणि सकाळी आठला छपरावरच्या पितळी भोंग्याची साखळी ओढायची. दुपारी जेवणाला एकदा. संध्याकाळी सुटायला एकदा. साखळी ओढली की गावातली दारं एकदम उघडायची. आया एकदम हाका मारायच्या. न्हावी एका गालाची दाढी उरकून तयार राहायचा, कारण भोंग्यानंतरचं गिऱ्हाईक घाईचं. कुणाचं घड्याळ भोंग्याशी जुळलं नाही, तर तो घड्याळ दुरुस्तीला टाकायचा. मामांचं म्हणणं ठरलेलं.

"भोंगा चुकत नाही. घड्याळं चुकतात."

मामांचं खरं नाव फक्त पगाराच्या दिवशी ऐकू यायचं. पगार बंद झाला तसं तेही गेलं.

कारखाना बंद पडला तो एका साध्या सोमवारी. मालक परदेशी गेला. जाताना फाटकाला कुलूप लावलं आणि किल्ली नगरपालिकेत ठेवली, जणू चार दिवसांत परत येणार आहे. गावाला तोवर साबणाचा वास होता. भिंतींना, गाद्यांना, वह्यांना. पाहुणे म्हणायचे, तुमच्या गावातलं भांडणसुद्धा धुतलेलं असतं. वास पुढे बराच काळ टिकला. मग एका उन्हाळ्यात तोही उडाला. मामी म्हणायच्या, कारखाना खरा बंद पडला तो त्या दिवशी. त्याआधी तो नुसता रजेवर होता.

मग माणसं जायला लागली. आधी तरणी, मग त्यांची बायकापोरं, मग न्यायला आलेल्या मुलांसोबत म्हातारी. मामांच्या गल्लीत कुलपांचीच वस्ती जास्त झाली. आता मामांची लेक जाणार होती. लेक रसायनशास्त्र शिकली होती. लहानपणी बापाच्या सदऱ्याला नाक लावून ती विचारायची, हा वास कशाचा? त्या एका प्रश्नावर ती पदवीपर्यंत पोचली. लांबच्या शहरात तिला नोकरी लागली होती. महिनाअखेरीला हजर व्हायचं होतं. बॅग पलंगाखाली भरून तयार होती.

मामांचा हात मात्र रोज सकाळी आठला आपोआप वर जायचा. अंगणात उभे असोत की न्हाणीत, हात वर. मामींनी त्यावर उपाय काढला होता. आठ वाजले की त्याच हातात पाण्याची बादली द्यायच्या.

"वर जातोच आहे तर रिकामा कशाला?"

अशा दिवसांत गावात पांढरी गाडी आली.

गाडीतून एक साहेब उतरले. बूट चिखलात बुडाले तरी चेहरा हसरा. असा माणूस आला की पहिल्यांदा नगराध्यक्षांचं घर विचारतो. ह्यांनी न्हाव्याला विचारलं, "इथला भोंगा कोण वाजवायचं?"

न्हाव्याने वस्तरा धरलेल्या हातानेच दिशा दाखवली. गिऱ्हाईक खुर्चीत दचकलं.

साहेब मामांच्या घरी आले. सतरंजीवर मांडी घालून बसले. चहा बशीत ओतून प्यायले. मामी आतून बघत होत्या. बशीत पितोय म्हणजे माणूस बरा असणार, असं त्यांना तेव्हा वाटलं. पुढे त्या स्वतःच्याच ह्या वाक्यावर फार हसायच्या.

"मला भाषण येत नाही, मामा," साहेब म्हणाले. "मी हा कारखाना चालू करणार आहे. पण हे मी सांगितलं तर गाव हसेल. तुम्ही सांगा."

"मी? अहो, मला चार माणसांत बोलता येत नाही."

"बोलू नका. वाजवा."

 मामांचा चहा निवून गेला. आठ वाजायला तेव्हा पुष्कळ अवकाश होता, तरी त्यांचा उजवा हात हलला.

नगराध्यक्षांनी खणातून किल्ली काढून दिली. साहेबांनी त्यांना एक शिक्क्यांचा कागद दाखवला होता. कागदावर शिक्के इतके होते की वाचायला जागा नव्हती. कुलपात तेल घातलं. फाटक कुरकुरलं. मामा आत शिरले आणि सरळ बॉयलरघराकडे गेले, माहेरी आलेली मुलगी सरळ चुलीकडे जाते तसे.

मोठ्या बॉयलरचं काही खरं नव्हतं. धाकट्यात जीव होता. मामांनी त्याची राख काढली, नळ्या खरवडल्या, गळती बांधली. शिडी धरायला मेहुणा आला होता. मामींचा धाकटा भाऊ. हमरस्त्यावर ट्रकांच्या वजनकाट्यासमोर त्याची चहाची टपरी होती आणि तोंडात कायम थट्टा.

"दाजी, बॉयलर फुटणार असेल तर आधी ओरडा. मी पळतो. मग फुटू दे."

"तू शिडी धर."

"शिडीच धरलीय. तुमची बहीण असती तर तिलाही धरली असती."

"मला बहीण नाही."

"म्हणून तर अजून बिनलग्नाचा आहे."

भोंग्याच्या तोंडात पाखरांनी घरटं केलं होतं. रिकामं होतं. तरी मामांनी ते दोन्ही हातांनी अलगद काढलं, सदऱ्याच्या घोळात घेतलं आणि खाली येऊन चिंचेच्या बेचक्यात ठेवलं. मेहुणा पहिल्यांदाच गप्प बसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी वाफ चढली. मामांनी घड्याळ पाहिलं. आठ वाजले. त्यांनी साखळी ओढली.

भोंगा आधी खोकला. मग गंजाचं लाल पाणी थुंकला. आणि मग तो ओरडला.

काय सांगावं! बेकरीतल्या माणसाने भट्टी उघडी टाकली. शाळेच्या गुरुजींनी हजेरी अर्ध्यावर सोडली. न्हावी पळाला, त्याच्या मागे अर्ध्या दाढीचं गिऱ्हाईक पळालं, गळ्यातला टॉवेल झेंड्यासारखा. म्हातारी माणसं काठ्या विसरून चालायला लागली आणि वाटेत आठवण झाल्यावर थांबली. कुणी कुणाला काही विचारलं नाही. सगळ्यांचे पाय एकाच दिशेला. फाटकाशी पोचेपर्यंत अख्खं गाव धापा टाकत होतं आणि हसत होतं.

सर्वांत पुढे आत्या होत्या. साबणाच्या वड्यांवर शिक्का छापायच्या यंत्रावर त्यांनी उभी हयात घालवली होती. त्यांच्या अंगात कारखान्याचा निळा झगा होता. कडक इस्त्रीचा.

"आत्या, झगा कुठून काढलात?" मामांनी छपरावरून ओरडून विचारलं.

"कुठून म्हणजे? दर रविवारी इस्त्री करते. तू वाजवशील कधीतरी, माहीत होतं मला."

साहेब फाटकात उभे होते. त्यांनी खरंच भाषण केलं नाही. मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि एवढंच म्हणाले, "कुणाला उशीर झालाय का?"

गावाने टाळ्या वाजवल्या. टाळ्या वाजवतानाच निम्मी माणसं रडत होती. मामा वर छपरावर उभे. त्यांच्या हाताला साखळीचा गंज लागला होता. तो त्यांनी दिवसभर धुतला नाही.

त्या रात्रीच्या जेवणाला लेक म्हणाली, "बाबा, मी शहरात फोन केला. येत नाही म्हणून सांगितलं."

मामींच्या हातातला डाव तसाच राहिला.

"साहेब म्हणाले, इथे प्रयोगशाळा काढणार आहेत," लेक म्हणाली. "पण खरं सांगू? त्यांच्यामुळे नाही. मी भोंगा ऐकला. भोंगा वाजला म्हणजे वाजला."

मामा ताटावरून उठले. त्यांनी पलंगाखालून बॅग ओढून काढली. ती उघडली. आतले कपडे एकेक करून कपाटात लावले. त्यांना घड्या घालता येत नव्हत्या. लेक बघत राहिली आणि तिने एकही घडी दुरुस्त केली नाही.

मग रोज आठला भोंगा. रोज गाव हजर. पगार पहिल्या तारखेपासून, असं साहेबांनी सांगितलं होतं. पहिली तारीख कुठल्या महिन्याची, हे कुणी विचारलं नाही. एवढी वर्षं रिकाम्या हातांनी बसलेल्या माणसाला काम मिळालं की तो भाव करत नाही. साहेबांचं म्हणणं सरळ होतं. यंत्रं जुनी झालीत. शहरात नेऊन खोलायची, तेलपाणी करायचं, आणून पुन्हा बसवायची. तोवर गावकऱ्यांनी ती उतरवून ट्रकमध्ये चढवायला मदत करावी.

मदत? गाव तुटून पडलं. दोरखंड आले, ओंडके आले, पहारी आल्या. एकाने "हय्या" म्हणायचं, बाकीच्यांनी "हो". तांब्याच्या नळ्यांची वेटोळी, पितळी झडपा, साबण शिजवायच्या कढया. एकेक कढई एवढी मोठी की तिच्यात वर्ग भरला असता. भांडणं एकाच गोष्टीवरून. यंत्रं परत आल्यावर कुणाचं कुठलं, हे कसं ओळखायचं?

आत्यांनीच तोडगा काढला. शाळेतून खडू मागवला. ज्याने त्याने आपल्या यंत्रावर आपली खूण लिहावी. मग काय, प्रत्येक कढईवर, प्रत्येक झडपेवर अक्षरं उमटली. कुणी मेलेल्या बापाचं नाव लिहिलं, कारण यंत्र बापाचं होतं. एकाने नुसता बाण काढला आणि लिहिलं, ही बाजू वर. आत्यांनी आपल्या छापायच्या यंत्रावर ठसठशीत अक्षरात लिहिलं:

आत्याचं यंत्र आहे. हात लावू नये.

साहेबांनी ते मोठ्याने वाचलं. "हात लावायची कुणाची हिंमत, आत्या?" असं म्हणून नमस्कार केला. आत्या लाजल्या. आत्यांना लाजताना गावाने त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

ट्रक निघाला की पोरं मागे धावायची. बायका हात हलवायच्या. सासरी निघालेल्या यंत्रांची पाठवणी असावी, तसं सगळं.

आणि मग एका संध्याकाळी मेहुणा आला. मोपेडवर. पुढ्यात पोतं. तोंडात थट्टा नव्हती. मामींनी ते आधी ओळखलं.

"काय रे? बरं नाही का?"

"ताई, तू आत जा. दाजी, बाहेर या."

मामा बाहेर आले. हातात चहाचा कप.

"दाजी, एक विचारतो. यंत्र दुरुस्तीला नेणारा माणूस आधी त्याचं वजन करतो का?"

"म्हणजे?"

"गावचा प्रत्येक ट्रक माझ्या टपरीसमोर काट्यावर चढतो. वजन होतं, आणि ट्रक शहराकडे वळतच नाही. मागच्या भंगाराच्या वाड्यात जातो. आज मी पाठोपाठ गेलो. चहा द्यायचं निमित्त करून."

"तुझं आपलं काहीतरी."

"वजन कशाचं करतात दाजी? कांद्याबटाट्याचं करतात. भंगाराचं करतात. माणूस दवाखान्यात गेला तर त्याचंही करतात, पण त्याला कापून नाही."

त्याने पोतं उघडलं. आत लोखंडाचा एक पत्रा होता. हातभर. एक कड करवतीसारखी वितळलेली, काळी. कटरने कापलेली. पत्र्यावर खडूची अक्षरं होती. निम्मी कापून गेली होती. उरली होती तेवढी मामांनी वाचली.

हात लावू नये.

मेहुणा म्हणाला, "दोन कप चहावर सुटला हा. बाकीचं यंत्र ढिगात आहे. तुकड्यांत."

मामांनी पत्रा उलटा केला. अक्षरं खाली गेली.

"खडूचं अक्षर काय, कुणाचंही असेल."

"दाजी, हातच्या कांकणाला आरसा कशाला?"

"तुला कारखाना चालू झालेला बघवत नाही. तुझी टपरी चालते ना, झालं. चालता हो."

असं मामा मेहुण्याला कधीच बोलले नव्हते. मेहुण्याने मोपेडला लाथ मारली. पत्रा उंबऱ्याशीच पडून राहिला. मामा आत गेले. लेकीने बाहेर येऊन तो उचलला, सुलटा केला आणि बराच वेळ बघत बसली. मग तो आत नेऊन पलंगाखाली ठेवला. 

मामांना सगळं कळलं होतं. ते अक्षर त्यांनी वर्षानुवर्षं हजेरीच्या पाटीवर पाहिलं होतं. पण भोंगा खोटा ठरला तर काय उरतं? साहेबाने गावाला बोलावलंच नव्हतं. साहेबाला कोण ओळखत होतं? गावाला मामांनी बोलावलं होतं. लेकीला मामांनी थांबवलं होतं.

सकाळी मामा कामावर गेले. आठला साखळी ओढली. भोंगा नेहमीसारखाच वाजला. मामांना तो नेहमीसारखा ऐकू आला नाही.

दुपारपर्यंत शेवटचे दोन ट्रक भरले. दुपारचा भोंगा झाला, गाव जेवायला घरी गेलं. आवारात साहेब, दोन ड्रायव्हर आणि मामा. ट्रकांची इंजिनं सुरू होती. साहेब बॉयलरघराशी आले. खांद्यावर हात ठेवला.

"मामा, एक राहिलं. भोंगाही उतरवून द्या. पितळ काळं पडलंय. पॉलिश करून आणू."

मामांनी वर पाहिलं.

"साहेब, मग उद्या आठला काय वाजवू?"

साहेब हसले. अगदी मोकळं हसले.

"उद्या सुट्टी द्या की लोकांना! दमलेत बिचारे."

मामा सगळं ऐकून घेऊ शकले असते. पॉलिशही. पण आग लागो, पूर येवो, मालकाची आई जावो, आठचा भोंगा कधी सुट्टीवर गेला नव्हता. ज्याला कारखाना चालवायचा आहे त्याच्या तोंडून हे वाक्य बाहेर पडत नाही. ते पडलं. मामांच्या पोटातली शेवटची आशा विझली, आणि गंमत अशी की त्याबरोबर भीतीही विझली.

"आणतो उतरवून," ते म्हणाले. त्यांनी पाना घेतला आणि शिडी चढले.

धाकट्या बॉयलरमध्ये वाफ अजून होती.

गावात प्रत्येक मूल चालायच्या आधी एक गोष्ट शिकायचं. एक लांब भोंगा म्हणजे वेळ. तीन तोकडे भोंगे म्हणजे आग. बादली घे आणि पळ. मामांनी हयातीत तो इशारा एकदाच दिला होता, तेलाची टाकी पेटली तेव्हा.

त्यांनी पाना खाली ठेवला आणि साखळी धरली.

तोकडा. तोकडा. तोकडा.

पुन्हा. तोकडा, तोकडा, तोकडा.

"मामा! काय करताय?" साहेब खालून ओरडले. "वेड लागलं का?" मग ड्रायव्हरांकडे वळून, "चला! काढा गाड्या!"

पहिला ट्रक हलला. फाटकापर्यंत पोचला. आणि थांबला. कारण फाटकात गाव होतं.

अख्खं गाव! प्रत्येकाच्या हातात बादली. बादली नव्हती त्याच्या हातात घागर, घागर नव्हती त्याच्याकडे कढई. कुणाच्या तोंडात अजून घास होता. न्हाव्याने दाढीच्या पाण्याचा मग आणला होता. आत्या सर्वांत पुढे, झगा कमरेला खोचलेला, दोन्ही हातांत दोन बादल्या.

"आग कुठाय? मामा, आग कुठाय?"

मामा शिडीवरून उतरले.  ट्रकच्या नाकासमोर येऊन उभे राहिले. चार माणसांत बोलता न येणारा माणूस, चारशेंसमोर.

"आग नाही," ते म्हणाले. "चोरी आहे. आपली यंत्रं दुरुस्तीला गेलीच नाहीत. भंगारात गेली. आपणच भरून दिली. मी बोलावलं म्हणून तुम्ही आलात. माझा भोंगा खोटा वाजला."

 साहेब पुढे आले. चेहऱ्यावर काळजी. "मामा दमलेत. वय झालंय, उन्हात छपरावर... कुणीतरी पाणी द्या त्यांना. उद्या मी स्वतः चार माणसं शहरात नेतो, यंत्रं दाखवतो. मग तर झालं?"

गाव चुळबुळलं. गावाला साहेबांवर विश्वास ठेवायचा होता. हे मामांना समोरून स्पष्ट दिसत होतं. इस्त्री केलेले झगे, कपाटात परत गेलेल्या बॅगा, रद्द झालेल्या गाड्या. मामा खरे ठरले तर हे सगळं जाणार होतं. बेकरीवाला म्हणालाही, "चार माणसं न्यायला काय हरकत आहे?" दोघांनी माना डोलावल्या. ट्रकच्या वाटेतला एक जण बाजूला सरकला.

तेवढ्यात गर्दीतून लेक पुढे आली. तिच्याही हातात बादली होती. बादलीत पाणी नव्हतं. तिने आतला पत्रा काढला आणि आत्यांच्या हातात दिला.

आत्यांनी बादल्या खाली ठेवल्या. पत्रा वाचला. वितळलेल्या कडेवरून अंगठा फिरवला.

"हे माझं अक्षर आहे," त्या म्हणाल्या.

पहिल्या ट्रकचा ड्रायव्हर खिडकीतून बोलला, "बाई, आम्हाला भंगार म्हणूनच सांगितलंय. आम्हाला वाटलं तुम्हाला माहीत आहे. एवढ्या हौसेनं भरत होता!"

आत्या साहेबांकडे वळल्या. पत्रा त्यांच्या डोळ्यांसमोर धरला.

"मोठ्यानं वाचून दाखवलं होतंत ना, साहेब? पुन्हा वाचा."

साहेबांना वाचता आलं नाही.

"वाचता येत नाही," आत्या गावाला म्हणाल्या. मग त्यांनी एक बादली उचलली. "आग नाही म्हणतोस ना मामा? मग हे पाणी काय परत घरी न्यायचं?"

आणि त्यांनी ती साहेबांच्या डोक्यावर रिकामी केली.

मग एकही बादली भरलेली परत गेली नाही. साहेब पळाले ते कोळशाच्या ढिगाकडे, गाव त्यांच्या मागे. घागरी, कढया, न्हाव्याचा मग. ज्याचा नेम चुकला तो दुसऱ्यावर ओतत होता. दुसरा हसत होता. रडतही असेल, पाण्यात कळत नव्हतं. बापाचं नाव खडूने लिहिणारा माणूस मात्र एकटाच ट्रकवर चढला होता आणि आपली झडप शोधत होता. त्याला ती सापडली. ट्रकमध्येच होती. तो वरूनच ओरडला, "आहे! आहे!" आणि त्या ओरडण्याने दंगा थांबला.

नगराध्यक्षांनी बोलावलेले पोलिस आले तेव्हा साहेब कोळशावर बसून कुडकुडत होते. कुणीतरी टॉवेल दिला होता. कितीही झालं तरी पाहुणाच.

"उतरवा आता," आत्या म्हणाल्या. "चढवलं आपण, उतरवायचं आपणच."

दोन ट्रक रिकामे झाले. एक कढई, थोड्या झडपा, नळ्यांची काही वेटोळी वाचली. कारखाना चालू होण्याएवढं त्यात काही नव्हतं. हे सगळ्यांना कळत होतं. मेहुणा मोपेडवरून पोचला तोवर सगळं संपलं होतं.

"दाजी, मी नसताना मजा केलीत?"

मामांनी त्याचा हात धरला. माफी मागायला तोंड उघडलं.

"राहू द्या," मेहुणा म्हणाला. "वर्षभर चहा फुकट प्या म्हणजे फिटलं. माझ्याकडून नाही, ताईकडून. मीपण येईन."

मामांनी छपरावरची साखळी काढून आणली आणि आत्यांच्या पायाशी ठेवली.

"मी आता हात लावणार नाही. माझ्या भोंग्यावर कोण विश्वास ठेवील?"

"का? तीन वाजवलेस तेव्हा कोण आलं नाही, सांग बघू?"

"पण कारखाना नाही, आत्या."

"कारखाना नाही म्हणून आठ वाजायचे थांबतात का रे? वाजव की. आम्हालाही उठायचं असतं."

लेकीने त्याच संध्याकाळी शहरात पुन्हा फोन केला. जागा भरली नव्हती. तिला ताबडतोब या म्हणाले. मामांनी कपाटातले कपडे काढून बॅगेत भरले. ह्या वेळी घड्या त्यांना बऱ्या जमल्या. लेक म्हणाली, "सकाळची बस आठची आहे. मी घड्याळ घेत नाही. भोंगा झाला की घरातून निघते. ड्रायव्हर चहा घेतो, तोवर पोचते."

"बिनघोर नीघ," मामा म्हणाले. "भोंगा चुकत नाही."

सकाळी मामा बॉयलरघरात गेले. साखळी बसवली. कोळसा घेतला आणि त्यांच्या लक्षात आलं. अख्ख्या गावाने काल साहेबांवर ओतलेलं पाणी कोळशाच्या ढिगावर सांडलं होतं. कोळसा चिंब. जाळ धरेना. नुसता धूर. मामांनी फुंकर घातली, चिंध्या घातल्या, डोक्यावरची टोपी घातली. आठ वाजले. वाफ चढली नव्हती. बाहेर गाव दारात उभं होतं, वाट बघत. मामांना ते भिंतीतून दिसत होतं.

शेवटी वाफ चढली. त्यांनी जीव खाऊन साखळी ओढली. भोंगा वाजला, लांब, खणखणीत, आणि चांगलाच उशिरा.

समोरच्या दुकानात न्हाव्याने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. स्टुलावर चढला. काटे मागे सरकवून आठवर आणले. शेजारच्या बेकरीवाल्यानेही. गुरुजींनी शाळेचं घड्याळ लावलं. सगळ्या गावाने आपापली घड्याळं दुरुस्त केली.

बसचा ड्रायव्हर बाहेरगावचा होता. तो स्वतःच्या घड्याळाने गेला.

थोड्या वेळाने लेक बॉयलरघराच्या दारात येऊन उभी राहिली. हातात बॅग. केसांत धूळ, बसमागे धावल्याची.

"बाबा, भोंगा चुकला."

मामा काळ्याठिक्कर तोंडाने वळले. जन्मभराचं उत्तर ओठांवर आलं. ते त्यांनी गिळलं.

"भोंगा नाही," ते म्हणाले. "मी चुकलो. त्या पहिल्या दिवशी आणि आज."

लेक बॅगेवर बसली आणि हसायला लागली. हसता हसता तिने डोळे पुसले आणि तिच्या गालावरही काळं लागलं.

"दुपारी दुसरी बस आहे," ती म्हणाली. "तो भोंगा तरी वेळेवर वाजवा."

मामांनी फावडं उचललं आणि ओला कोळसा बाहेर उन्हात पसरायला घेतला. लेकीने बॅग बाजूला ठेवली आणि दुसरं फावडं शोधलं.